साखर वजा केली की उरतो तो डाएट कोक?

मुळशी तालुक्यात पिरंगुट येथे कोका-कोलाचा कारखाना आहे म्हणून म्हणा, की पौडवरून ताम्हिणीकडे निघालेल्या सहलकरी मंडळींच्या वर्दळीमुळे म्हणा, या परिसरात शीतपेयांविषयी अधिकारवाणीने बोलणाऱ्यांची वाण नाही; आणि पिठलं-भाकरी व खेकडाभजी यथेच्छ झाल्यावर डाएट कोकचा कॅन फोडून, 'हा नेहमीचाच कोक, फक्त साखर काढलेली,' असा निर्वाळा देणारे सुशिक्षित गृहस्थ तर जागोजाग भेटतात. बिनसाखरेचा चहा अखेर चहाच, तद्वत हेही, असे त्यांचे प्रतिपादन! ते ऐकून कान किटले; कारण हे पेय केवळ साखरेपुरते नव्हे, मूळ घडणीतच निराळे आहे.

१८८६ साली जन्मलेल्या कोका-कोलाने आपले नाव जवळजवळ शतकभर दुसऱ्या कोणत्याही पेयास वापरू दिले नव्हते. रॉयल क्राउन कंपनीच्या 'डाएट राइट'ने बिनसाखरेच्या पेयांना गिऱ्हाईक आहे हे सिद्ध केल्यावर १९६३ मध्ये कंपनीने स्पर्धेत उतरवले ते 'टॅब', आणि तेही कोकच्या नावाला धक्का न लावता. १९६९ मध्ये अमेरिकी सरकारने सायक्लामेट या कृत्रिम गोडी आणणाऱ्या द्रव्याला मनाई केली, आणि टॅबची भिस्त सॅकरिनवर येऊन पडली. पुढे १९८२ मध्ये कंपनीने आपले नाव अखेर उसने दिले आणि डाएट कोक अवतरला, तेव्हा त्याची कृती जुन्या कोकवरून नव्हे, तर या टॅबवरून बेतलेली होती. गोडीसुद्धा प्रथम सॅकरिनचीच, अस्पार्टेमचा प्रवेश त्यानंतरचा.

एवढ्यानेही ज्यांचे समाधान होत नाही त्यांनी १९८५ चे प्रकरण आठवावे. त्या वर्षी एप्रिलमध्ये कंपनीने जुना कोक मागे घेऊन जो 'न्यू कोक' आणला, तो डाएट कोकच्याच कृतीत थोडा फेरफार करून व मक्याचा गोड पाक घालून सिद्ध केलेला होता. म्हणजे गंगा उलटी वाहिली होती! साखर काढलेला नव्हे, तर गोड पाक घातलेला डाएट कोक लोकांपुढे आला, आणि लोकांनी असा काही गहजब केला की जुलैमध्ये जुने पेय परत आणणे कंपनीस भाग पडले. चव एकच असती तर ही तक्रार कोणी, कशासाठी केली असती? जुन्या कोकच्या चवीशी जवळीक साधण्याचा खटाटोप २००५ च्या 'कोक झिरो'ने केला; तो भारतात २०१४ मध्ये आला.

बाकीचे समज किरकोळ. तेव्हाचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी १९७७ मध्ये कोकबरोबर डाएट कोकही भारतातून हद्दपार केला म्हणतात. तो तेव्हा जन्मलाच नव्हता, आणि कंपनी परतली १९९३ मध्ये. वजन उतरते म्हणावे, तर ३३० मिलिलिटरच्या कॅनमागे सुमारे ३५ ग्रॅम साखर टळते हे कबूल, परंतु भज्यांतील तेलाशी तिची वजावट होत नाही. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असली बिनसाखरी गोडी आणणारी द्रव्ये वापरू नयेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये केलीच आहे. त्याच वर्षी जुलैत अस्पार्टेमला 'संभाव्य कर्ककारक' ठरवले गेले, पण पुरावा मर्यादित असल्याचे नमूद करूनच. दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम ही मर्यादा कायम राहिली, आणि ती ओलांडण्यास सत्तर किलोच्या माणसाला रोज नऊ ते चौदा कॅन रिचवावे लागतील. अस्पार्टेम खरोखर वर्ज्य आहे ते फेनिलकीटोन्युरिया या जन्मजात विकाराच्या रुग्णांना. त्यांच्यासाठीची सूचना कॅनवरच छापलेली असते, अगदी बारीक अक्षरांत.