काळ्या मातीचे थर आणि पाण्यातील धातू

काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, हे प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचे आहे. ज्या घटकामुळे ती फुगते, तोच घटक पाण्यात विरघळलेले काही धातू निवडून धरून ठेवतो, ही गोष्ट मात्र तितकी परिचित नाही. ज्यांच्या विहिरीत किंवा नाल्यात शहराचे अथवा कारखान्याचे सांडपाणी उतरते, त्यांनी ती समजून घेणे अगत्याचे आहे.

इंग्लंडातील रसायनशास्त्रज्ञ जे. टी. वे यांनी १८५० साली अमोनियाच्या क्षारांविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अशा क्षाराचे पाणी मातीतून झिरपू दिले असता अमोनिया मातीत राहिला व त्याच्या जागी चुन्याचा अंश खाली उतरला. म्हणजे मातीने नुसते गाळण्याचे काम केले नव्हते, तर अदलाबदल केली होती.

काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज वहीच्या पानांप्रमाणे थरांचे बनलेले असते. एका पानाची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतकी. पानांवर ऋण विद्युत्‌भार असतो आणि विरघळलेल्या बहुतेक धातूंचे कण धनभारित असल्याने ते पानांमध्ये ओढले जातात. या खनिजाची धारणशक्ती दर १०० ग्रॅमला ८० ते १२० मिलितुल्य असते. कोकणच्या जांभ्या जमिनीतील केओलिनाइटची जेमतेम ३ ते १५, कारण त्याची पाने एकमेकांस घट्ट चिकटलेली असतात.

सर्वच कणांना सारखी जागा मिळत नाही. एका भाराच्या सोडियमपेक्षा दोन भारांचे कॅल्शियम अधिक घट्ट बसते, आणि शिसे सामान्यतः त्याहूनही घट्ट. परंतु पाण्यात सोडियम फार झाल्यास ते संख्याबळावर कॅल्शियमला हुसकून लावते व जमीन चोपण होते. जिप्सम घालून व निचरा करून अशी जमीन सुधारतात, ती हीच अदलाबदल उलट फिरवून.

मग मडक्यात काळी माती भरून पिण्याचे पाणी शुद्ध करावे काय? तसे मुळीच करू नये. माती फुगून वाट बुजवते. पाणी आम्लधर्मी असेल तर धातूंची पकड सुटते. आणि जागा भरल्यावर पुढचा धातू तसाच खाली जातो. षट्‌संयुजी क्रोमियम तर पाण्यात ऋणभारित रूपात असल्यामुळे ही पाने त्याला जवळ करीत नाहीत. त्यासाठी हायड्रोटाल्साइटसारखे धनभारित थरांचे पदार्थ लागतात. शुद्धीकरण केंद्रांचे काम घरच्या मडक्याने होत नाही.

पाणी उकळूनही शिसे जात नाही. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे शिसे ०.०१ व कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. इतका अंश रंगावरून वा चवीवरून ओळखू येणे अशक्य आहे.

शेताच्या दृष्टीने दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. सांडपाण्यातून मातीने धरलेला धातू नाहीसा होत नाही; तो वरच्या थरात वर्षानुवर्षे साठत जातो, आणि पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्या त्यातील कॅडमियम उचलतात. म्हणून अशा पाण्यावर भाजीपाला घेण्यापूर्वी पाणी व माती दोन्ही तपासून घ्यावीत. पाण्याच्या नमुन्याची बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी; धातूंच्या तपासणीसाठी नमुन्यात थोडे आम्ल घालावे लागते, एरवी काही धातू बाटलीच्या भिंतीलाच चिकटून राहतो.