आगाऊ नेमलेल्या पोस्ट : सोय आणि सावधगिरी

पूर्वी संस्थेचे निवेदन म्हणजे छापील पत्रक, फळ्यावरची सूचना आणि घरोघर फिरणारा शिपाई. आज तेच काम बव्हंशी फेसबुक व इन्स्टाग्राम यांवरील पोस्ट करते. साधने बदलली, तरी कार्यकर्ते मोजकेच राहिले. नोकरीधंदा सांभाळून न्यासाचे काम पाहणाऱ्यांना रोज ठरल्या वेळी पोस्ट टाकणे जमतेच असे नाही. म्हणून मजकूर आधी लिहून, तारीख व वेळ नेमून ठेवण्याची जी सोय आहे, तिचे गुणदोष आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

मजकूर व चित्र तयार करून वेळ नेमली, की ते त्या कंपनीच्या यंत्रणेत साठते आणि नेमल्या क्षणी आपोआप प्रसिद्ध होते. आपला फोन बंद असला तरी अडत नाही. फेसबुकची पाने व यूट्यूब यांना ही सोय आहे. इन्स्टाग्रामने ती २०२२ मध्ये व्यावसायिक खात्यांसाठी आपल्या अ‍ॅपमध्येच आणली. ईमेलसाठी जीमेलने २०१९ मध्ये अशीच व्यवस्था केली.

पहिला लाभ नियमितपणाचा. शिष्यवृत्तीच्या अर्जाची आठवण मुदतीपूर्वी पंधरा दिवस, आठ दिवस व आदल्या दिवशी अशी तीनदा नेमून ठेवता येते. मुदत उलटल्यावर कळले, तर गरजू विद्यार्थ्याचे वर्ष अडते. तेव्हा हा लाभ लहान नव्हे. दुसरा लाभ शुद्धतेचा. हाती वेळ असला, की मजकूर दुसऱ्याच्या नजरेखालून घालता येतो आणि देणगीदारांची नावे व आकडे तपासता येतात. तिसरा लाभ परदेशस्थ सभासदांचा. न्यूयॉर्कला हिवाळ्यात रात्रीचे ८ वाजतात, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ६.३० झालेले असतात. त्यांच्या सवडीची वेळ साधण्यासाठी कोणी पहाटे उठून बसण्याचे कारण उरत नाही.

आता दुसरी बाजू. यंत्राला तारीख कळते, प्रसंग कळत नाही. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि तोच देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस ठरला. त्या दिवसासाठी शोभायात्रेचे निमंत्रण कोणी आधीच नेमून ठेवले असते, तर ते बिनदिक्कत प्रसिद्ध झाले असते. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, वसंतपंचमीच्या दुसऱ्याच दिवशी, इंदूरला जन्मलेल्या लता मंगेशकर निवर्तल्या आणि दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. अशा वेळी आनंदमेळ्याची जाहिरात झळकणे किती विसंगत दिसेल, हे सांगावयास नको. सभासदाच्या घरी दुःख असता असे घडले, तर ते आणखीच जिव्हारी लागते.

सणांच्या तारखांतही फसगत होते. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन काही पंचांगांनी ३१ ऑक्टोबरला, तर काहींनी १ नोव्हेंबरला दिले होते. बृहन्महाराष्ट्रातील संस्थांनी आपण कोणते पंचांग मानतो, हे आधीच ठरवावे हे बरे.

शिवाय पोस्ट आपोआप जाते, पण वाचकांच्या शंकांचे उत्तर आपोआप जात नाही. वैद्यकीय मदतीची सूचना सकाळी निघाली आणि विचारणाऱ्यास रात्रीपर्यंत कोणी भेटले नाही, तर संस्थेवरचा विश्वास उणावतो.

मग करावे काय? आमच्या मते मुदतीच्या सूचना, वार्षिक सभा, व्याख्यानमाला यांची निवेदने खुशाल आगाऊ नेमावीत. शोकवार्ता, तातडीच्या रक्ताची मागणी, आपत्तीतील आवाहन ही मात्र त्या त्या वेळी माणसानेच लिहावीत. नेमलेल्या निवेदनांची यादी कार्यालयात ठेवावी आणि ती थांबविण्याचा अधिकार किमान दोघांस द्यावा. एकच जाणकार गावाला गेला, की सारे अडते. रोज सकाळी त्या दिवशीचे निवेदन एकाने नजरेखालून घालावे. या कामास पाच मिनिटे पुरतात. तेवढी दक्षता ठेवणाऱ्या संस्थेने ही सोय अवश्य वापरावी. ज्यांना तेवढेही शक्य नाही, त्यांनी थोड्याच पोस्ट कराव्यात, पण स्वतःच्या हातांनी कराव्यात.