घरकुलाचा गोठलेला आकडा

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेला २०२८-२९ पर्यंत मुदतवाढ दिली आणि आणखी २ कोटी घरांचे उद्दिष्ट मंजूर केले. तरतूद होती ३ लाख ६ हजार १३७ कोटी रुपयांची. एवढ्या मोठ्या आकड्यांपुढे त्याच निर्णयातला एक लहान आकडा दुर्लक्षित राहिला. प्रत्येक घरामागे मिळणारे साहाय्य सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ व ईशान्येकडील राज्यांत १ लाख ३० हजार रुपये, म्हणजे २०१६ मध्ये ठरले होते तेवढेच राहील, असे त्यात नमूद होते. याचा अर्थ, २०१६ मध्ये बांधलेल्या घराला जी रक्कम मिळाली, तीच २०२९ मध्ये बांधल्या जाणाऱ्या घरालाही मिळणार आहे. ‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हटले जाते. तेरा वर्षे जुन्या हिशेबाने ते बांधून पाहण्याची पाळी मात्र गरिबावरच आली आहे.

हे नेहमीच असे नव्हते. या योजनेची पूर्वसुरी असलेल्या इंदिरा आवास योजनेत २००४ मध्ये सपाट प्रदेशातील घराला २५ हजार रुपये मिळत. २००८ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी ते ३५ हजार केले, २०१० मध्ये प्रणव मुखर्जी यांनी ४५ हजारांवर नेले, आणि २०१३ पासून ही रक्कम ७० हजार झाली. मोदी सरकारने २०१६ मध्ये योजनेचे रूप बदलताना ती १ लाख २० हजार केली व घराचे किमान क्षेत्रफळही २० वरून २५ चौरस मीटर केले. बारा वर्षांत चार वेळा वाढ झाली आणि रक्कम जवळपास पाचपट झाली. या प्रत्येक वाढीचे श्रेय त्या त्या सरकारला दिलेच पाहिजे. पण एक गोष्ट चारही वेळा समान होती. ही वाढ कोणत्याही सूत्राने आपोआप झाली नाही, सरकारच्या मर्जीने झाली. मर्जी होती तोवर आकडा हलला. ती संपताच गोठला.

बांधकामाचा खर्च मोजण्याची साधने सरकारकडे नाहीत, असेही नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते जोत्याच्या क्षेत्रफळावर आधारित दर प्रसिद्ध करते आणि त्यावर बांधकाम खर्चाचा निर्देशांक बेतते. पद्धत सोपी आहे. एखाद्या वर्षातील दिल्लीचा खर्च १०० मानायचा. सिमेंट, सळई, वीट, खडी, वाळू, लाकूड अशा साहित्याला आणि गवंडी, सुतार, बिगारी यांच्या मजुरीला त्यांच्या वाट्याप्रमाणे वजन द्यायचे. आणि पुढे भाव बदलतील तसा तो १०० चा आकडा वर-खाली करायचा. १९९२, २००७, २०१२ अशा टप्प्यांवर हा पाया नव्याने घातला गेला. राजधानीतील कोणत्याही सरकारी वसाहतीच्या अंदाजपत्रकात हा निर्देशांक असतो. आपल्यापैकी अनेकांनी अशा कागदांवर सह्या केल्या असतील.

येथे आणखी एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने जुलै २००७ मध्ये सुरू केलेला ‘रेसिडेक्स’ हा निर्देशांक घरांच्या किमती मोजतो, बांधकामाचा खर्च नव्हे. द्वारकेतील वा ठाण्यातील सदनिकेच्या किमतीत मोठा वाटा जमिनीचा असतो. तेथे मंदी आली की वर्तमानपत्रांत घरे स्वस्त झाल्याचे छापून येते. स्वतःच्या गावठाणातील जागेवर चार भिंती उभारणाऱ्याला त्या स्वस्ताईचा काहीच उपयोग नसतो. त्याला जमीन विकत घ्यायची नसते. त्याला घ्यायचे असते सिमेंट, लोखंड, वाळू आणि माणसाचे श्रम.

आता खर्चवाढीपासून कोणाला संरक्षण मिळते ते पाहू. सरकारी कंत्राटदाराला ते आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या करारातील १० सी, १० सीए व १० सीसी ही कलमे ठरावीक अटींवर मजुरी, सिमेंट, पोलाद यांच्या दरवाढीची भरपाई देतात. सरकारी नोकरालाही ते आहे. २०१७ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरबांधणी अग्रिमाची कमाल मर्यादा साडेसात लाखांवरून २५ लाखांवर गेली आणि घराच्या खर्चाची मर्यादा ३० लाखांवरून १ कोटींवर. अग्रिम हे कर्ज आहे, घरकुल हे अनुदान. दोहोंची तुलना तंतोतंत होणार नाही, हे मान्य. पण ३० लाखांत घर होत नाही, हे सरकारला साहेबांच्या बाबतीत उमगले आणि १ लाख २० हजारांत होत नाही, हे लाभार्थ्याच्या बाबतीत उमगले नाही, ही विसंगती डोळ्यांआड करता येत नाही.

त्याहून मोठी विसंगती योजनेच्या आतच होती. लाभार्थ्याला स्वतःच्या घरावर काम केल्याबद्दल रोजगार हमीतून सपाट प्रदेशात ९०, तर डोंगराळ भागात ९५ दिवसांची मजुरी देण्याची सोय २०१६ च्या आराखड्यात होती. या मजुरीचे दर २०११ पासून शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेले असल्याने ते दरवर्षी वाढत. म्हणजे एकाच घरासाठी एकाच माणसाला मिळणाऱ्या दोन रकमांपैकी एक महागाईबरोबर चालत होती आणि दुसरी जागच्या जागी उभी होती. शौचालयासाठीचे १२ हजारही २०१४ पासून तेवढेच. निर्देशांकाचे सूत्र सरकारला ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल?

खर्च किती वाढला, याचा एक सावध अंदाज घाऊक किंमत निर्देशांकावरून येतो. २०११-१२ पायाभूत असलेल्या मालिकेत २०१६-१७ ची सरासरी १११.६ होती, २०२३-२४ ची १५१.४. वाढ सुमारे ३६ टक्के. केवळ एवढ्याच हिशेबाने १ लाख २० हजारांचे १ लाख ६३ हजार व्हायला हवे होते. आणि हा अंदाज तोकडा आहे. घाऊक निर्देशांकात मजुरी येत नाही, आणि या मालिकेत अप्रत्यक्ष करही धरलेले नाहीत. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा सिमेंट २८ टक्क्यांच्या सर्वोच्च टप्प्यात गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये ते १८ टक्क्यांवर आणले गेले. व्यापाऱ्याने सारा लाभ पुढे दिला, तर करासह १२८ रुपयांची वस्तू ११८ ला मिळेल. दिलासा खरा, पण तो एका जिनसाचा आणि तोही आठ वर्षांनी मिळालेला.

सरकारी भाव आणि प्रत्यक्षातला भाव यांतील अंतर महाराष्ट्राला नवे नाही. सिमेंटचा भाव व वाटप जेव्हा सरकारच्या हाती होते, तेव्हा कागदावरचा दर एक आणि पोते मिळण्याचा दर दुसरा असे. त्या वाटपाच्या वादातच मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर बॅ. अ. र. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त केले आणि १९८९ मध्ये पूर्णतः. आज ती जागा वाळूने घेतली आहे. फेब्रुवारी २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागू लागली. नद्यांसाठी ते आवश्यकच होते. पण जेथे परवाने रखडले आणि चोरटा उपसा चालू राहिला, तेथे दरसूचीतला ब्रासचा भाव आणि दारात पडणाऱ्या वाळूचा भाव यांची फारकत झाली. निर्देशांक तयार करणाऱ्यांनी ही फारकत टिपली नाही, तर त्यांचे गणित बिनचूक असूनही उत्तर चुकते.

मग रक्कम वाढत का नाही? ग्रामविकासविषयक संसदीय स्थायी समितीने वाढीची शिफारस वेळोवेळी केली आहे. अडचण साध्या गुणाकाराची आहे. २ कोटी घरांना प्रत्येकी ५० हजार जादा द्यायचे, तर १ लाख कोटी रुपये लागतात. म्हणजे सध्याच्या एकूण तरतुदीत जवळपास एक तृतीयांश भर. तेवढ्याच पैशात घरांची संख्या वाढवणे राजकीयदृष्ट्या अधिक लाभाचे असते. घरे किती, हे सभेत सांगता येते. प्रत्येक घरामागे लाभार्थ्याने किती कर्ज काढले, हे कोणी विचारत नाही.

केंद्राने सोडलेली जागा भरण्याचा प्रयत्न काही राज्ये करतात. महाराष्ट्राने २०२५ मध्ये स्वतःच्या तिजोरीतून घरामागे ५० हजारांची भर जाहीर केली आणि घरकुलांसाठी पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याचे धोरण आखले. स्तुत्यच. परंतु ज्या राज्याची तिजोरी भरलेली, त्याच्याच गरिबाला पुरे घर मिळणार असेल, तर केंद्रीय योजनेचा हेतूच उलटा होतो. योजनेत ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. बिहार वा झारखंडच्या तिजोरीतून वर आणखी ५० हजार निघणे सोपे नाही. तेथील तूट मग दिल्ली, सुरत, पुण्याच्या बांधकामांवर राबणारा त्याच घरातला मुलगा आपल्या मजुरीतून भरून काढतो. इमारती तो दुसऱ्यांच्या उभारतो आणि गावी जोत्यावर अडलेल्या भिंतीसाठी पैसे धाडतो.

अनुदान हे साहाय्य आहे, पूर्ण खर्च नव्हे, हा युक्तिवाद सरकारी टिपणांत हमखास भेटतो. तो ग्राह्य धरला तरी साहाय्याचे प्रमाण काय असावे, हा प्रश्न उरतोच. १ लाख २० हजारांना २५ चौरस मीटरने भागले, तर चौरस फुटाला सुमारे ४४६ रुपये येतात. आपापल्या गावच्या गवंड्याला हा आकडा सांगून पाहावा. तो हसेल किंवा गप्प राहील.

उपाय नवा शोधायचा नाही. कंत्राटदाराला लागू असलेले तत्त्व लाभार्थ्याला लावायचे आहे: बांधकाम खर्चाचा राज्यनिहाय निर्देशांक दरवर्षी जाहीर करावा, त्यात मजुरी, कर आणि वाळूचा प्रत्यक्ष भाव धरावा, आणि घरकुलाची रक्कम त्याच्याशी बांधून टाकावी. मग वाढीसाठी कोणा अर्थमंत्र्याच्या औदार्याची किंवा निवडणुकीच्या मुहूर्ताची वाट पाहावी लागणार नाही. आठवा वेतन आयोग नेमला गेला आहे. आपले आकडे यथावकाश सुधारतील. त्या फायली ज्यांच्या टेबलावरून जातील, त्यांनी शेजारच्या फाइलीतला २०१६ चा आकडाही एकदा वर काढावा.