फॉर्म, वेब सेवा आणि पोच

शाळेच्या जावक नोंदवहीत पत्राला क्रमांक पडला, म्हणजे ते पंचायत समितीच्या कार्यालयात पोचले असे कोणी समजत नाही. तेथील आवक नोंदवहीत त्याची नोंद होऊन सही-शिक्क्यानिशी पोच परत आली, म्हणजेच ते काम पुरे झाले. संगणकाच्या पडद्यावर भरावयाच्या फॉर्मलाही हाच न्याय लागू आहे. मात्र तेथील ये-जा डोळ्यांना दिसत नसल्यामुळे, पडद्यावर भरलेली माहिती म्हणजेच झालेली नोंद, असा समज सहज होतो. या समजापायी एखाद्या विद्यार्थ्याचे नाव यादीतून गळते, तर एखाद्याचे दोनदा चढते. म्हणून हा व्यवहार कसा चालतो ते शिक्षकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

फॉर्म ज्यात उघडतो तो ब्राउझर शिक्षकासमोरच्या यंत्रात असतो. नोंदी ज्यात राहतात तो सर्व्हर दूर असतो. ठराविक रीतीने विचारलेल्या प्रश्नास ठराविक रीतीने उत्तर देणारी सर्व्हरवरील व्यवस्था म्हणजे वेब सेवा होय. आरंभीच्या काळात संपूर्ण फॉर्म पाठवावा लागे व उत्तरादाखल नवे पान येई. १९९९ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ या ब्राउझरमध्ये, पान न बदलता मागच्या मागे सर्व्हरला प्रश्न विचारण्याची सोय झाली. पुढे इतर ब्राउझरांनीही ती स्वीकारली.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. विद्यार्थ्याच्या बँक खात्याची माहिती भरताना आयएफएससी संकेतांक लिहिला, की अनेक फॉर्ममध्ये बँकेचे व शाखेचे नाव आपोआप उमटते. हा संकेतांक अकरा स्थानांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे स्थान शून्याचे आणि शेवटची सहा स्थाने शाखेची. शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर पडले, तर ती चूक ब्राउझर जागच्या जागी दाखवू शकतो. त्यासाठी सर्व्हरला विचारावे लागत नाही. मांडणी बरोबर असली म्हणजे ब्राउझर तो संकेतांक वेब सेवेकडे पाठवितो, सेवा आपल्या यादीत शोध घेते आणि सापडलेले नाव परत पाठविते. ब्राउझर ते योग्य चौकटीत मांडतो.

येथे एक मर्यादा ध्यानी ठेवावी. असा संकेतांक अस्तित्वात आहे, एवढेच सेवा सांगते. तो याच मुलाचा आहे काय, हे ती सांगत नाही. एखादा अंक चुकून दुसऱ्याच शाखेचा संकेतांक लिहिला गेला, तरी नाव उमटतेच. ते पासबुकाशी ताडून पाहणे हे शिक्षकाचे काम आहे. ते राहिल्यास विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती अडकू शकते.

ब्राउझरकडून जाणाऱ्या विनंत्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. ‘गेट’ ही माहिती विचारणारी विनंती होय. शाखेचे नाव दहा वेळा विचारले, तरी नोंदीत फरक पडत नाही. ‘पोस्ट’ या विनंतीने सामान्यतः नवी माहिती सर्व्हरकडे सोपविली जाते. ती दोनदा गेली आणि सर्व्हरवर दुबार नोंद अडविण्याची सोय नसली, तर एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात. म्हणून ‘सबमिट’चे बटन दाबल्यावर चक्र फिरत राहिले, तरी ते पुन्हा दाबू नये.

प्रत्येक विनंतीच्या उत्तरासोबत तीन आकडी क्रमांक येतो. बहुधा तो पडद्याआड राहतो. पण काही बिघडल्यास पुष्कळदा दृष्टीस पडतो. दोनशेच्या घरातील क्रमांक विनंती स्वीकारल्याचे दर्शवितात. २०१ म्हणजे नवी नोंद तयार झाली. चारशेच्या घरातील क्रमांक सामान्यतः पाठविणाऱ्याच्या बाजूची अडचण दाखवितात : ४०० म्हणजे विनंतीत दोष, ४०१ म्हणजे लॉगिन झालेले नाही किंवा त्याची मुदत संपली. पाचशेच्या घरातील क्रमांक सर्व्हरच्या बाजूची अडचण दाखवितात. ५०३ आला असता सेवा तात्पुरती बंद आहे असे समजावे. अशा वेळी मुलाचे नाव किंवा जन्मतारीख बदलून पाहण्यात काही अर्थ नसतो. तसे केल्याने बरोबर असलेली माहिती मात्र बिघडते.

५०४ हा क्रमांक, किंवा मध्येच नेटवर्क तुटणे, ही सर्वांत फसवी स्थिती होय. अशा वेळी विनंती सर्व्हरपर्यंत पोचून नोंद झालेली असू शकते. केवळ उत्तर वाटेत हरवलेले असते. नोंद झालीच नाही, असे गृहीत धरून फॉर्म पुन्हा भरणे हे दुबार नोंदीचे एक मोठे कारण आहे. अशा प्रसंगी प्रथम विद्यार्थ्यांची यादी उघडून नाव शोधावे. नसल्यासच पुन्हा भरावे.

सारांश, फॉर्म भरून होणे व नोंद होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पडद्यावरील संदेश वाचावा, पोचक्रमांक मिळाल्यास तो वहीत उतरवावा आणि यादीत नाव पाहूनच काम संपले असे मानावे. वहीतील ही एक ओळ पुढे एखाद्या मुलाचा हक्क शाबूत ठेवील.