पश्चिम रोमन साम्राज्याचा अस्त : घटना आणि कथन

साम्राज्यांच्या विनाशाची मीमांसा करताना साहित्याच्या अभ्यासकाने एक भेद ध्यानी ठेवावयास हवा. ज्या घटनेने विपुल वाङ्मय जन्माला घातले तीच विनाशाचे कारण असते, असे नाही. इ.स. ४१० मध्ये अलारिकच्या व्हिसिगॉथांनी रोम लुटले. दरबार त्यापूर्वीच रॅव्हेनास हलला होता आणि तीन दिवसांच्या या लुटीने राज्ययंत्रणा मोडली नाही. तथापि जुन्या देवतांना सोडल्याचे हे फळ, या आक्षेपास उत्तर म्हणून ऑगस्टिनने ‘ईश्वराची नगरी’ हा बावीस खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. पुढे गिबननेही (१७७६–१७८८) ऱ्हासाच्या कारणांत ख्रिस्ती धर्म गणलाच. पूर्वेकडील साम्राज्य तितकेच ख्रिस्ती असून १४५३ पर्यंत टिकले, ही गोष्ट या उपपत्तीला अडचणीचीच आहे.

खरा घाव ४३९ मध्ये बसला. त्या वर्षी व्हँडलांनी कार्थेज घेतले. उत्तर आफ्रिका हा पश्चिमेचा सर्वाधिक संपन्न करदाता प्रदेश; रोमचे धान्यही बव्हंशी तेथूनच येई. जमा होणाऱ्या महसुलात सैनिकांचे अन्नवस्त्रदेखील भागत नाही, अशी कबुली सम्राट तिसरा व्हॅलेंटिनियन याच्या ४४४ च्या कायद्यात आढळते. कर बुडाला की सैन्य घटे. सैन्य घटले की आणखी प्रांत, आणि त्यांसह त्यांचा करही, हातचा जाई. आफ्रिका परत मिळविण्यासाठी ४६८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून गेलेले प्रचंड आरमार व्हँडलांच्या अग्निनौकांनी जाळले. (पूर्वेपाशी इजिप्तचा महसूल सुरक्षित होता, म्हणून हा पराभव तिला पचविता आला.)

या जमाखर्चाची कथा साहित्यात क्वचितच उतरली. युगिप्पियसने ५११ च्या सुमारास लिहिलेल्या संत सेव्हेरिनसच्या चरित्रात मात्र ती अनवधानाने आली आहे. डॅन्यूबकाठच्या बटाव्हिस, म्हणजे आजच्या पासाऊ, येथील तुकडीचे काही सैनिक सोबत्यांचे अखेरचे वेतन आणावयास इटलीकडे निघाले आणि वाटेत मारले गेले. कोणास वार्ता नव्हती. पुढे नदीनेच त्यांची प्रेते काठाला लावली. चरित्रकाराला येथे संताची अंतर्दृष्टी दाखवावयाची आहे. आपल्याला दिसते ती रिती झालेली तिजोरी.

४७६ ही सर्वपरिचित तारीख तर मागाहून ठरलेली आहे. ओडोएसरने रोम्युलस ऑगस्टुलसला पदच्युत केले तेव्हा, पूर्वेने मान्य केलेला सम्राट ज्युलियस नेपोस डाल्मेशियात हयात होता व ४८० पर्यंत राहिला. पश्चिमेचे साम्राज्य त्या वर्षी लयास गेले, असे मार्सेलिनसने नोंदविले ते सहाव्या शतकात, कॉन्स्टँटिनोपलमध्ये बसून.