छप्पन्याच्या दुष्काळात गेलेल्या पूर्वजांचा शोध

इंग्लंडमधल्या गरीबगृहांत मेलेल्यांचे वंशज आज पूर्वजांच्या शोधात जुनी दप्तरे चाळतात. नंदुरबारच्या घरांतही असा शोध घ्यावा अशी माणसे आहेत: विक्रम संवत १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामांवर किंवा आश्रयगृहांत गेलेली, पण परत न आलेली.

● जिल्हा कोणता? १९०६ पर्यंत अखंड खानदेश, मग पश्चिम खानदेश, पुढे धुळे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ पासून. म्हणून धुळ्यातही चौकशी करा.

● मृत्यूची नोंद : कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागा. नोंद मृत्यू झाला त्या गावी होई; मूळ गावात नाव नसेल तर कामाच्या ठिकाणचे गाव तपासा.

● लिपी : जुनी कागदपत्रे मोडीत असू शकतात, जाणकार सोबत घ्या.

● सरकारी दप्तर : मुंबई इलाख्याची दुष्काळविषयक कागदपत्रे मुंबईच्या पुराभिलेखागारात पाहा.

● कबर : अशा मृतांच्या दफनाच्या जागेवर नावाचा दगड सहसा नसतो. मात्र काही भिल्ल कुळांत मृताच्या स्मरणार्थ दगड किंवा लाकडी खांब उभारतात. तो कोणासाठी उभारला, हे कुळातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

● आधी हे करा : आजी-आजोबांच्या आठवणी आजच लिहून घ्या. नाव, गाव आणि कामाचे ठिकाण कळले, तरच दप्तरात शोध सुरू होतो. उपाशीपोटी घर सोडून गेलेल्या माणसाला वंशावळीत त्याची जागा मिळालीच पाहिजे.