चौदा हजारांची गाडी, चाळीस रुपयांचे ब्रेक

मागच्या महिन्यात आमचा भाचा घरी आला होता. मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चहा झाल्यावर त्याने मोबाईल आमच्यापुढे धरला. "मामा, आरएक्स मिळतीय एक. इंजिन जाम हाय, पण कागदं क्लिअर हायती. घेतो आणि पोर्टिंग करून घेतो. तुम्ही आईला जरा सांगा." आईला, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीला, ते आतून ऐकू गेलेच. ती म्हणाली, "दादा, तू मधी बोलू नगंस. तू त्यातलाच हायस."

बहिणीचे म्हणणे खोटे नाही. आज आम्ही कचेरीत आवक-जावक सांभाळतो आणि रविवारी वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. आमच्याकडे पाहून कोणाला खरे वाटणार नाही. पण २००० साली बी.कॉम. होऊन नोकरीविना बसलो होतो, तेव्हा आम्ही एक मोटारसायकल बांधली होती. विकत घेतली नव्हती, बांधली होती. तिच्या खर्चाची वही अजून ट्रंकेत आहे. कॉमर्सच्या माणसाने ठेवलेली असल्यामुळे तारीखवार आहे. भाच्याला उपदेश करण्याऐवजी ती वहीच त्याच्या हातात दिली. वाचकहो, आपल्याही घरात असा एखादा मुलगा किंवा भाचा असणार, म्हणून ती वही इथेही उघडतो.

आम्ही म्हणजे तिघे. प्रस्तुत लेखक, साताऱ्यातला एक मित्र, ज्याने आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा ट्रेड केला होता, आणि सांगलीचा आमचा मावसभाऊ, वय वर्षे एकोणीस. तिघांत गाडी चालवावी ती त्यानेच. तो पोलीस भरतीची तयारी करत होता आणि रोज पहाटे पळायला जायचा. चौथे आमचे मामा. ते सांगलीला एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर होते. मामांना गाडीत रस नव्हता, लोखंडात होता.

तसा हा आमचा पट्टाच लोखंडाशी ओळख असलेला. किर्लोस्करवाडीच्या माळावर १९१० साली कारखाना उभा राहिला, तिथून नांगर निघाले, पंप निघाले. साताऱ्यात १९७५ साली बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि 'प्रिया' स्कूटर साताऱ्यात तयार होऊ लागली. आता तिथे स्कूटर बनत नाही. पण ज्या घरातले कोणी कारखान्यात होते, त्या घरातल्या पोरांना पान्हा आणि कानस लहानपणापासून माहीत.

आमची गाडी होती आरएक्स-१००. जपानच्या यामाहाच्या सहकार्याने एस्कॉर्ट्स कंपनीने ती १९८५ साली आणली. हीच कंपनी राजदूत काढायची. राजदूत म्हणजे दुधाच्या किटल्या वाहणारी दणकट गाडी, आणि आरएक्स म्हणजे हरीण. इंजिन ९८ सीसीचे, ताकद ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. अंगाने हलकी, म्हणून पिकअप असा की मोठमोठ्या गाड्या सिग्नलला मागे राहायच्या. १९९६ साली तिचे उत्पादन बंद झाले. आज चांगल्या स्थितीतली जुनी आरएक्स लाखाच्या घरात मागतात. आम्हाला मिरजेच्या एका गृहस्थांकडे १९८९ सालची, पोत्याखाली पडून असलेली, इंजिन जाम झालेली गाडी ६,५०० रुपयांना मिळाली. वहीतली पहिली नोंद ती.

आता पोर्टिंग म्हणजे काय, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. मुले तोच शब्द तोंडावर टाकून पैसे मागतात. या टू-स्ट्रोक इंजिनाला वर झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात. पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो आणि झाकतो. एका बाजूने पेट्रोल-हवा आत येते, दुसऱ्या बाजूने जळालेला धूर बाहेर जातो. धुराची खिडकी कानशीने थोडी उंच केली की ती लवकर उघडते, आणि इंजिन जास्त फेऱ्यांना जास्त जोर देते. त्या बदल्यात खालचा जोर जातो, अॅव्हरेज जाते, इंजिनचे आयुष्यही कमी होते. शिवाय घासलेले लोखंड परत लावता येत नाही. आम्ही तीन आठवडे रोज थोडे थोडे घासत होतो. मित्र घासायचा, आम्ही कार्डपेपरचा साचा लावून मोजायचो. हेड लेथवर धरून किती काढायचे ते मामांनी ठरवले. आम्ही म्हणालो त्याच्या निम्मेच काढले. "पिस्टन फुटला तर माझ्याकडं येऊ नगासा," एवढेच बोलले.

सिलिंडर साताऱ्याहून सांगलीला एसटीने जायचा, गोणपाटात गुंडाळून, आमच्या मांडीवर. एकदा कंडक्टरने विचारले, "पाव्हणं, काय हाय त्यात?" आम्ही म्हणालो, सिलिंडर. त्याला तो गॅसचा वाटला. उंब्रजच्या स्टँडवर तो आम्हाला उतरवायलाच निघाला. गोणपाट सोडून दाखवल्यावर अख्खी गाडी हसली.

सगळ्यात जास्त डोके खाल्ले ते सायलेन्सरने. लोकांना वाटते की सायलेन्सर आवाज दाबण्यासाठी असतो. टू-स्ट्रोकमध्ये त्याचे काम वेगळे. धूर बाहेर पडताना दाबाची लाट निघते. नळी पुढे फुगत जाऊन पुन्हा निमुळती झाली, तर ती लाट आपटून मागे येते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे पेट्रोल-हवेचे मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. ही विद्या पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीतले इंजिनिअर वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात पक्की केली. १९६१ साली त्यांच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी त्यांचा शर्यतवीर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेकडे आला आणि ही माहिती जपानच्या सुझुकीकडे गेली. पुढच्याच वर्षी सुझुकीच्या गाडीवर तो ५० सीसीचा जगज्जेता झाला. एका वाकड्या नळीसाठी माणसाने देश सोडला, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हते. आमच्याजवळ कोणत्या तरी इंग्रजी पुस्तकाच्या चार पानांची झेरॉक्स होती, आणि त्यातली मापे वाचता येणारा तिघांत एकटा प्रस्तुत लेखक. जुन्या वर्तमानपत्राच्या सुरळ्या करून पाहिल्या. जमेना. शेवटी मित्राच्या वडिलांनी, जे शिवणकाम करायचे, कागद जमिनीवर पसरून खडूने परकराचा घेर काढतात तसा गोलाकार तुकडा आखून दिला. त्यावरून पत्रा कापला, गॅस वेल्डिंगने जोडला. त्या माणसाने आयुष्यात गाडी चालवली नाही, पण सायलेन्सर त्यांच्याच हातचा.

वहीत पुढे असे आहे: रिबोअर, ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा. क्रँकचे बेअरिंग. पुण्याच्या जुन्या बाजारातून मोठा कार्बोरेटर, ६५० रुपये. पत्रा आणि वेल्डिंग, ९००. दोन टायर. चेन-स्प्राकेट. लाल रंग. एसटी भाडे, ४१०. आणि मध्येच, निळ्या शाईत, एक ओळ: पुढच्या ब्रेकचे लायनर, ४० रुपये. एकूण १४,२५०.

भाच्याने ही बेरीज पडताळून पाहिली. बरोबर आली. त्या चाळीस रुपयांवरून त्याची नजर सरळ पुढे गेली, तशीच आमचीही तेव्हा गेली होती. मामांनी मात्र विचारले होते, "ड्रम उघडून बघितला का रं कुणी?" आम्ही म्हणालो, "लायनर मारलाय, मामा." ते "बरं" म्हणाले आणि लेथकडे वळले.

डिसेंबरमध्ये गाडी सुरू झाली. पहाटे पाचला हायवेवर उंब्रजच्या दिशेने नेली. खालच्या फेऱ्यांना ती आजारी माणसासारखी खोकायची. मग एका विशिष्ट आवाजाला पोहोचली की अंगात वारे शिरल्यासारखी सुटायची, हात खेचले जायचे. काटा शंभराच्या पुढे सहज जायचा. त्या पहाटेचा आनंद आम्ही नाकारणार नाही. ज्यांच्या घरात सायकलसुद्धा दोघांत एक होती, त्या पोरांनी स्वतःच्या हाताने केलेली वस्तू होती ती. आम्ही तिघेही उंब्रजला चहाच्या टपरीवर उगाचच हसत होतो.

जानेवारी २००१. उसाचा हंगाम. मावसभाऊ एकटाच आष्ट्याहून सांगलीला निघाला होता, दिवस मावळला होता. पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. दिसला तेव्हा त्याने दोन्ही ब्रेक दाबले. ब्रेक लागले, फेल झाले असे नाही. पण अंतर पुरले नाही. त्याने गाडी शेताकडे घातली आणि मोरीच्या दगडावर उजवा पाय गेला. डोक्यात हेल्मेट नव्हते. डोके नांगरलेल्या सरीत पडले म्हणून वाचला.

मिरजेला दवाखान्याच्या व्हरांड्यात मित्र आणि आम्ही रात्रभर बसलो होतो. पहाटे मित्राने त्याच वहीच्या मागच्या पानावर गणित केले. वेग ८० वरून १२० झाला तर तो दीडपट झाला. पण थांबवायची ऊर्जा दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोनपट होते. जिथे ४० मीटरमध्ये थांबायचे, तिथे ९० मीटर लागतात. कंपनीने ड्रम दिला तो आपल्या इंजिनाच्या मापाने दिला होता, त्यात तिची काही चूक नव्हती. इंजिन आम्ही बदलले आणि ड्रम तोच ठेवला. आयटीआयला हे शिकवलेले होते. बी.कॉम.वाल्यालाही वर्ग करता येत होता.

मांडीच्या हाडात सळई बसली. मावशीची बोरमाळ गेली. आमच्या वडिलांनी फंडातून कर्ज काढले आणि महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. गाडीचे भाग सुटे करून विकले, त्याचे ५,२०० आले. वहीत 'दवाखाना' असे शीर्षक घालून दोन पाने भरली आहेत. त्याची बेरीज आम्ही केली नाही, अजूनही केलेली नाही. भाच्याने करायला घेतली तेव्हा आम्ही वही मिटली.

पाय एक बोट आखूड राहिला. पोलीस भरती संपली. गाडी चालवत होता तो. पण खिडकी घासली होती आम्ही, आणि ब्रेकच्या रकान्यात चाळीस रुपये आम्हीच लिहिले होते. मावशी आम्हाला कधी टोचून बोलली नाही. त्याने आम्हाला जास्त त्रास झाला.

पुढे बर्ट मन्रो या न्यूझीलंडच्या गृहस्थांविषयी वाचले. 'इंडियन' नावाच्या अमेरिकन कंपनीची १९२० सालची मोटारसायकल त्यांनी आयुष्यभर घरच्या शेडमध्ये सुधारली. पिस्टनसुद्धा स्वतः ओतले. १९६७ साली वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी अमेरिकेतल्या बॉनव्हिल येथे ताशी सुमारे २९५ किलोमीटरचा विक्रम केला. मुले हे उदाहरण देतात आणि ते खरेही आहे. पण बॉनव्हिल म्हणजे मिठाचे वाळवंट. तिथे गाडी थांबायला मैलोन्मैल मोकळे मैदान आहे, समोरून उसाची ट्रॉली येत नाही.

जवळचे उदाहरण सांगली जिल्ह्यातच आहे. देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, खर्च साठ हजारांच्या आसपास. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्यांचे जाहीर कौतुक केले, पण अशी गाडी नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अधिकारी ती अडवतील, हेही सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये लोहार यांना त्या जीपच्या बदल्यात नवी बोलेरो मिळाली. हुन्नराचा मान झाला आणि गाडी रस्त्यावरूनही गेली. दोन्ही बरोबरच झाले असे आमचे मत आहे.

कायदाही आता कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीविना फेरबदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरबदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. हे भाच्याला सांगितले तेव्हा तो हिरमुसला. म्हणाला, "मग आम्ही शिकायचं कुठं, मामा?"

हा प्रश्न खोडसाळ नव्हता. वस्तीतल्या मुलाला शिकायला वर्कशॉप कोण देतो? आम्हालाही चोरून-मारूनच शिकावे लागले होते. तरी एक वाट सांगितली. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी 'बाहा' नावाची स्पर्धा आपल्या देशात २००७ पासून होते. त्यात मुले स्वतः गाडी बांधतात आणि बंद मैदानावर चालवतात. मुख्य शर्यतीआधी ब्रेकची परीक्षा असते: चारही चाके जागेवर जाम झाली नाहीत तर गाडी शर्यतीत सोडत नाहीत. डिप्लोमानंतर डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तिथे गेला तर कॉलेजच्या संघात शिरता येईल. आणि ती जाम आरएक्स घ्यायचीच असेल, तर कंपनीच्या मूळ मापाने उभी करायची, कानस लावायची नाही. बहिणीने यावर अजून होकार दिलेला नाही. ती पैसे आणि पोर दोन्हींचा हिशेब घालते आहे, आणि तो तिचा हक्क आहे.

मावसभावाचे आता सांगलीत दुचाकीचे गॅरेज आहे. लंगडत का होईना, दिवसभर उभा असतो. त्या शिवणकामवाल्या काकांचा वाकलेला सायलेन्सर त्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे. परवा त्याला फोन करून भाच्याच्या गाडीचे सांगितले. तो इंजिनाविषयी काहीच बोलला नाही. म्हणाला, "दादा, रविवारी घेऊन या त्याला. आणि गाडीवाल्याला इचारा, पुढचा ड्रम उघडून दाखवतो का."